मदत हवी आहे : सात सीटरचा एसी काम करीना, शुक्रवारी तुळजापूरला निघायचंय

घाणेवाडीकर
नमस्कार मंडळी. शुक्रवारी पहाटे जालन्याहून तुळजापूरला निघायचंय, घरचे सगळे. गाडीचा एसी काम करीना. एसीचा गॅस भरून झाला, तरी तेच. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बदला, आणि आकडा असा सांगतो की त्यात घराला एसी बसेल. कॉम्प्रेसर खरंच गेला असेल का? लवकर सांगा. इकडच्या तिकडच्या गप्पा नकोत.

रिकामा_कॅरिअर
कोणती गाडी? कोणतं साल? पेट्रोल, डिझेल की सीएनजी? आणि "काम करीना" म्हणजे नेमकं काय? हवाच येईना, की येते पण गार नाही?

डिझेलवाला_लातूर
विका आणि डिझेल इनोव्हा घ्या. आमच्याकडं आहे. भर मे महिन्यात सात मोठी माणसं, वर कॅरिअरला बोचकी, तरी मागचा माणूस चादर मागतो. विषय संपला.

घाणेवाडीकर
@डिझेलवाला पैसे तुम्ही देताय का?
गाडी चार वर्षांची, सीएनजी. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की "ही काहून घेतली" यावरच दोन पानं जातील. हवा भरपूर येते, गार नाही.

रुक्मिणी_परभणी
दादा, मधल्या रांगेच्या वर छतात मागचा ब्लोअर असतो, तो चालू केला का? त्याचं बटण वेगळं असतं. आमच्या सात सीटरचं कुणाला माहीतच नव्हतं, पोरं मागं घामाघूम अन् हे पुढं स्वेटर घालायच्या बेतात. तिसऱ्या रांगेला तसाही उरलासुरला वारा. गाडी उन्हात उभी असेल तर आधी काचा उघड्या ठेवून थोडी पळवा, आतली वाफ जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा.

सुरक्षा_प्रथम
सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, झाली का? दर तीन वर्षांनी करावी लागते. लोक विसरतात. आणि गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, म्हाताऱ्या माणसांनी सुद्धा.

घाणेवाडीकर
टेस्ट झालीय. तिचा एसीशी काय संबंध? ताई, ब्लोअर चालू असतो, पुढचा वाराच गरम आहे.

गोदाकाठ
कायम गरम, की कधी गार कधी गरम? चालत्या गाडीत आणि उभ्या गाडीत फरक पडतो का? हे कळल्याशिवाय कॉम्प्रेसरवर कोण काय बोलणार?

घाणेवाडीकर
फरक तर पडतो. वडीगोद्रीला हायवेला लागलो की बऱ्यापैकी गार. मागं चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीच्या यात्रेत अडकलो, गाडी इंचभर सरकेना, तेव्हा निव्वळ गरम वारा. आई पुढच्या सीटवर पदरानं वारा घेत होती, मागच्या छोट्या काचेला पोरांनी ओला टॉवेल चिकटवला. मांजरसुंब्याच्या घाटातही तेच झालं.

गोदाकाठ
मग कॉम्प्रेसर राहू द्या. रेडिएटरच्या पुढं एसीची जाळी असते, कंडेन्सर. एसीची उष्णता तिथून बाहेर जाते. गाडी पळताना समोरचा वारा ते काम करतो, उभी राहिली की पंख्यानं करायचं. पंखा तरी बंद असेल, नाहीतर जाळी चोंदलीय. जिनिंगला निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी चालवत असाल तर रुई अडकते, वर धूळ बसते, गोधडीच होते तिथं.

रिकामा_कॅरिअर
इतकं ठाम नका बोलू. कॉम्प्रेसर थकला असला तरी उभ्या गाडीत, आयडलवर, गारवा जातो अन् स्पीडला येतो. माझ्या मेहुण्याच्या गाडीत तेच निघालं.

गोदाकाठ
मग घाटात का गेला? चढाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, म्हणजे कॉम्प्रेसरही फिरतो. कमी असतो तो वारा.

रिकामा_कॅरिअर
पूर्ण रेस दिली की बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप तेवढ्यापुरता बंद होतो, इंजिनला ताकद मिळावी म्हणून. सीएनजीवर सात माणसं घेऊन चढताना पाय खालीच दाबलेला असणार. घाटाआधी पेट्रोलवर घ्यायला शिका.

डिझेलवाला_लातूर
डिझेलला ही कटकटच नाही.

गोदाकाठ
वाद कशाला, तपासून बघा. गाडी उभी, एसी चालू, गरम हवा येऊ द्या. मग पुढून ग्रिलमधून कंडेन्सरवर मगानं पाणी ओता. लगेच गार आलं तर कॉम्प्रेसर अन् गॅस ठीक, उष्णता बाहेर जाईना एवढंच. हात पंख्यापासून लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो. जाळी धुवायची तर प्रेशर पंप नको, बारीक पात्या वाकतात.
आणि एसीचा गॅस वजन करून भरला का? बॉनेटखाली स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. जास्त झाला तरी उभ्या गाडीत असंच होतं.

मोसंबी
अवांतर : जाताना कुंथलगिरी फाट्याला पेढा घ्या. येताना घेऊ म्हणाल तर रात्री दुकानं बंद असतात. आमच्या आजोबांकडं मारुती व्हॅन होती, १९८४ ला आली ती. इंजिन पुढच्या सीटखाली, एसीचा पत्ता नाही, पण तुळजापूरला नऊ जण जायचो. पुढं ओम्नी नाव पडलं अन् २०१९ ला बंदच केली.

घाणेवाडीकर
पाणी ओतलं. मगातलं पाणी संपायच्या आत गार! बॉनेट उघडून बघितलं, दोन पंखे आहेत, त्यातला डावा हलायला तयार नाही. काडीनं ढकलला तर फिरायलाय, थोड्या वेळानं परत बंद. मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो पंखा बदला, कॉम्प्रेसर पण बदलून टाका.

रिकामा_कॅरिअर
ढकलल्यावर फिरतो म्हणजे मोटरचे ब्रश (आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले. बरं, गोदाकाठ यांचं बरोबर निघालं. पण घाटाचं माझं म्हणणं कायम आहे.

गोदाकाठ
कॉम्प्रेसरला हात लावू देऊ नका. पंख्याच्या वायरचा कनेक्टर जळालाय का तेही बघा, नाहीतर नवी मोटरही तशीच जाईल. अन् मोटर ओरिजिनल घ्या.

डिझेलवाला_लातूर
कशाला, लोकल निम्म्या किमतीत मिळते. रिवाइंडिंगवाला तर त्याहून स्वस्तात करून देतो.

रुक्मिणी_परभणी
पोरं-म्हातारे घेऊन निघालेत ते. अशा वेळी लोकल सुचवू नये माणसानं.

घाणेवाडीकर
कनेक्टर ठीक आहे. ओरिजिनल मोटर संभाजीनगरहून मागवली, उद्या संध्याकाळी बसेल. कॉम्प्रेसर बदलत नाही.

नवा_मेंबर_हिंगोली
धागा आत्ताच वाचला. माझ्या गाडीत गार भरपूर होतं, पण एसी चालू केला की कुबट वास येतो. कुणी सांगता का? अर्जंट आहे.