उत्तर: मेमरी स्कॅन आणि सॉफ्ट लॉकअप

प्रश्न असा आहे की कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, लांबलचक मेमरी स्कॅन चालू असताना सॉफ्ट लॉकअप येतो, म्हणजे एकच काम प्रोसेसर अडवून बसतं आणि बाकीच्यांना पाळी मिळत नाही. त्यावर वॉचडॉगची (असं अडकणं पकडणाऱ्या यंत्रणेची) मुदत वाढवा असं वर सुचवलंय, ते मला पटत नाही. लिनक्समध्ये मूळ मर्यादा १० सेकंदांची, सॉफ्ट लॉकअपची ओरड तिच्या दुपटीला, म्हणजे २० सेकंदांनी होते. ती ६० केली तर ओरड बंद होईल, पण प्रोसेसर अडकलेलाच राहील. लूपमध्ये कॉन्ड_रीशेड (गरज असेल तर प्रोसेसर दुसऱ्या कामाला सोडणारी ओळ) टाका हा दुसरा सल्ला बरोबर आहे, फक्त तो कुठे टाकायचा हे कुणी लिहिलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

केमेमलीकचंच, म्हणजे कर्नलमधली मेमरी गळती शोधणाऱ्या साधनाचंच बघा. ते मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, म्हणजे पेजेस, लूपमध्ये एकेक करून तपासतं. ४ केबीची पेजेस धरली तर १ टीबी मेमरीत २६ कोटींहून जास्त पेजेस होतात. त्याच्या लूपमध्ये दर ६४ पेजेसनंतर प्रोसेसर सोडायची सोय होती, तरी काही वेळा लॉकअप येतच होता. कारण ती तपासणी लूपच्या शेवटी होती. नेमकं ६४ ने भाग जाणारं पेज वगळलं गेलं की कंटिन्यू (थेट पुढच्या फेरीला नेणारी ओळ) वरूनच उडी मारायचा आणि तपासणीपर्यंत गाडी पोचायचीच नाही. २०२३ मध्ये ती ओळ उचलून लूपच्या सुरुवातीला नेली, बस्स! माझ्या एका मॉड्यूलमध्ये मी हुबेहूब हीच चूक केली होती, आणि दोन दिवस शेड्यूलरला (कामांना प्रोसेसर वाटून देणाऱ्या भागाला) शिव्या घालत बसलो होतो. आणि हो, स्पिनलॉक किंवा आरसीयूचा रीड लॉक (दोन्ही कर्नलमधली सामायिक डेटा सांभाळायची कुलुपं) हातात असताना कॉन्ड_रीशेड चालत नाही. आधी ऑब्जेक्टचा रेफरन्स धरा (म्हणजे तुम्ही वापरत असलेली वस्तू मध्येच कुणी मोकळी करणार नाही), लॉक सोडा, मग प्रोसेसर सोडा.