पैलवानाला जागा हवीच
दादा, वेगवेगळ्या व्हिडिओ गेममधल्या लढवय्यांना एकत्र आणणाऱ्या फायटिंग गेममध्ये कुणाला घ्यावं, यावर 'ज्याचा गेम जास्त खपला, त्याचंच कॅरेक्टर घ्या' हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. जागा खेळण्याच्या ढंगावर मिळावी. तलवारवाले ढीगभर झालेत, पैलवान किती? माझं मत 'स्ट्रीट फायटर' गेममधल्या झांगीफ पैलवानाला, १९९१ पासूनचा गडी आहे. त्याच्या मुख्य डावाला कंट्रोलरची स्टिक पूर्ण गोल फिरवायची, तीही समोरच्याच्या अंगाला भिडून. तोवर लांबून येणारे गोळे सोसत पुढं सरकायचं. आपल्या कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत पहाटे लाल मातीत पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, टपलेला पोरगा बघा: कंबर वाकलेली, नजर समोरच्याच्या पायावर. अगदी तीच घालमेल! 'टेकन' या दुसऱ्या फायटिंग गेममधला पैलवान किंगही चालेल. २०१२ च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'मध्ये दोघं एकत्र होतेच की.