कानाच्या आत बसणारं श्रवणयंत्र की कानामागचं?

सांजवात: वडील ७४ वर्षांचे. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख; डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं) सारखाच: ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३५, २००० ला ५५, ४००० ला ७०. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. कुणाला दिसू नये म्हणून कानाच्या पूर्ण आत बसणारंच यंत्र हवं, असा हट्ट. बोटं संधिवाताने आखडलेली, कानात मळही फार होतो. काय घ्यावं?

निषाद: आतलं नको. खालच्या पट्टीत कान जवळपास चांगला आहे, बिघाड वरच्या पट्टीत, म्हणजे स, श, फ यांसारख्या व्यंजनांच्या जागी. अशा कानाची नळी बुजवली की स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, आणि यंत्र डबीत जाऊन पडतं. कानामागे बॉडी, बारीक तारेने कानात जाणारा रिसीव्हर (छोटा स्पीकर) आणि त्यावर मोकळा डोम (छिद्रं असलेली मऊ टोपी), हा प्रकार बघा. तार सहसा नजरेत भरतही नाही. मात्र ४००० ला ७० असल्याने मोकळ्या डोममधून आवाज परत माइकपर्यंत पोचून शिट्टी वाजू शकते. तसं झालं तर बंद डोम किंवा छिद्र ठेवलेला मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला तुकडा) लावून घ्या. बॉडी तीच राहते.

रेवा_ऑडिओ: बोटांचाही विचार करा. अगदी छोट्या यंत्रांत बहुधा १० नंबरचा सेल असतो, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद. चार्जिंगचं घ्या, रात्री चार्जरमध्ये ठेवलं की झालं. मळ आधी डॉक्टरांकडून काढा. रिसीव्हरच्या टोकाला मळ अडवणारी जाळी असते. आवाज अचानक बसला तर आधी तीच बदलून पाहा. यंत्र सकाळी पुसावं, रात्रभरात मळ सुकलेला असतो. जाळी सतत तुंबत असेल तर रिसीव्हर बॉडीतच असलेलं, नळी आणि मोल्डचं यंत्र बरं. मोल्ड बॉडीपासून सोडवून धुता येतो, नळी कडक झाली की बदलायची.

निषाद: शिवाय गोंगाटात समोरच्याचं बोलणं उचलायला अंतरावर बसवलेले दोन माइक लागतात. अगदी आतल्या यंत्रात तेवढी जागाच नसते.

सांजवात: ते चष्मा लावतात. अडचण होईल?

रेवा_ऑडिओ: फारशी नाही. काडी डोक्यालगत, यंत्र तिच्या बाहेरून. चष्मा दोन्ही हातांनी सरळ पुढे काढायचा, एका बाजूने ओढला तर यंत्र सोबत येतं. कानामागे दोऱ्या अडकवणाऱ्या मास्कने जास्त यंत्रं पडतात. डोक्यामागे बांधायचा वापरा.

निषाद: सेटिंग करताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजायला सांगा. 'आता बरं वाटतं का?' एवढंच विचारून केलेलं सेटिंग वरच्या पट्टीत बहुतेकदा कमी पडतं.