कॅग कोणी नेमावा?

गोदाकाठ:
कॅग, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणारा नियंत्रक व महालेखापरीक्षक, हा राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं बाबासाहेब ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत म्हणाले होते. आणि त्याला निवडतं कोण? ज्याचा हिशेब तपासायचा तेच सरकार! केंद्रीय दक्षता आयुक्त निवडताना समितीत विरोधी पक्षनेता असतो, इथे कुणीच नाही. २०१३ मध्ये संरक्षण सचिव शशिकांत शर्मा थेट कॅग झाले. कालपर्यंत आपल्याच खात्यात झालेली खरेदी आज आपणच तपासायची? माणूस कितीही सचोटीचा असो, हे मला पटत नाही. निवड समिती हवीच.

जुना हिशेब:
मला नाही पटलं. नेमणुकीनंतर सरकारचा हात पोचतो का ते बघा. मुदत सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, आणि काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखंच, संसदेतून. विनोद राय यांना २००८ मध्ये ज्या सरकारने नेमलं, त्याच सरकारवर त्यांनी २०१० मध्ये टूजी मोबाइल लहरींच्या वाटपातल्या १.७६ लाख कोटींच्या अंदाजित नुकसानीचा अहवाल दिला. त्याआधीचे कॅग टी. एन. चतुर्वेदी १९८४ मध्ये काँग्रेसच्याच राजवटीत आले, तरी काँग्रेस सरकारच्या बोफोर्स तोफखरेदीवरचा १९८९ चा अहवाल त्यांचाच.
मी बांधकाम विभागात नोकरी केली. एजीची, म्हणजे कॅगच्या हाताखालच्या महालेखापाल कार्यालयाची, तपासणी पार्टी आली की कपाटं उघडायची. एकदा त्यांच्यातल्या एका पोराने एमबीत (मोजमाप वहीत) रस्त्याच्या मोजमापाची तारीख पाहिली आणि जीपचं लॉगबुक मागवलं. त्या दिवशी जीप जागची हललीच नव्हती. झाला पॅरा, म्हणजे अहवालात लेखी आक्षेप! दिल्लीत कॅग कोण आहे, याने त्या पोराला काय फरक पडणार होता?

सुमेधा:
काका, लॉगबुक वाचून अंगावर काटा आला. पण चतुर्वेदींची पुढची गोष्ट राहिली. निवृत्तीनंतर ते भाजपचे राज्यसभा खासदार आणि २००२ मध्ये कर्नाटकचे राज्यपाल झाले. कॅगला नंतर सरकारी पद नाही, असं कलम १४८ सांगतं, पण राज्यपालपद ही सरकारची नोकरी नव्हे, असा सुप्रीम कोर्टाचा १९७९ चा निकाल आहे. राय यांनाही २०१६ मध्ये केंद्राने सरकारी बँकांचे वरिष्ठ अधिकारी सुचवणाऱ्या बँक्स बोर्ड ब्युरोचं अध्यक्षपद दिलं. पुढे काहीतरी मिळू शकतं हे माहीत असताना पेन तेवढंच मोकळं चालतं का?

जुना हिशेब:
हे मान्य. निवृत्तीनंतरची दारं पक्की बंद करा, मी सही करतो. समितीला मात्र माझा विरोध कायम. तिथे सरकारचं बहुमत असलं की बदलणार काय?

गोदाकाठ:
विरोधी नेत्याची असहमती लेखी नोंदली जाईल, काका. तुमच्या लॉगबुकातली ती नोंद तरी किती ओळींची होती?