मदत हवी आहे : ही जीप खरंच युद्धकाळातली फोर्ड आहे का?

नमस्कार मंडळी. कासारवडवलीला ओळखीच्या एका काकांच्या शेडमध्ये जुनी जीप उभी आहे. दुसऱ्या महायुद्धातली म्हणून विकतायत. मला ती मनापासून हवी आहे, पण हिरवा रंग मारलेली नंतरची नागरी जीप गळ्यात पडायला नको.

पुढच्या जाळीला नऊ फटी आहेत (नागरी जीपला सात असतात), मागे फाळका नाही. खाली वाकून पाहिलं तर चासीचा पुढचा आडवा दांडा चपट्या पत्र्याचा, पन्हाळीसारखा. विलीज एमबीला (विलीज कंपनीच्या युद्धकाळातल्या जीपला) तिथे गोल नळी असते, म्हणजे चासी तरी फोर्ड जीपीडब्ल्यूची (फोर्डने बनवलेल्या त्याच जीपची) दिसते. काही बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा ‘एफ’ आहे, काही कोरे. इंजिन मात्र डिझेल बसवलंय, मूळचं २.२ लिटरचं पेट्रोल, साठ हॉर्सपॉवरचं.

१९४१ ते १९४५ मध्ये विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. दोघांचे भाग एकमेकांना बसायचे, त्यामुळे लष्करी वर्कशॉपमध्येच सरमिसळ व्हायची. म्हणून कोऱ्या बोल्टांचं मला फारसं वाटत नाही. चासी, बॉडी, इंजिन तिन्ही मूळची टिकलेली गाडीच खरी दुर्मीळ.

अडलंय ते चासी नंबरावर. डाव्या दांड्याच्या वरच्या बाजूला तो ठोकलेला असतो, पण तिथे रंगाचे थर आणि गंज आहे. ग्राइंडर लावायचा नाही, हे नक्की. आकडे न दुखवता रंग कसा काढावा? आणि ठाणे-नवी मुंबईतलं कुणी जाणकार रविवारी प्रत्यक्ष बघायला येईल का? डिझेल इंजिनामुळे किंमत किती पाडून मागावी, तेही सांगा.