मदत हवी आहे: ॲमस्टरडॅमची बोटसफर आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटी आईला घेऊन दीड दिवस ॲमस्टरडॅमला जातेय. मी ड्युसेलडॉर्फला असते, आई पहिल्यांदाच आलीय. वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात. सपाटीवर अर्धा तास चालते, पण जिना दिसला की चेहरा पडतो. म्हणून शहर बोटीतूनच बघायचं ठरवलंय.

आता बोट कुठली? काचेच्या छपराची मोठी की छोटी, उघडी? मागे अलिबागला जाताना गेटवेच्या पायऱ्यांशी लाँच हलली आणि आईचा एक पाय पायरीवर, एक लाँचमध्ये! दोघा खलाशांनी दंडाला धरून आत ओढलं. तेव्हापासून बोट म्हटली की तिचा पहिला प्रश्न, "पाय कुठे ठेवायचा ते आधी सांग."

दुसरं म्हणजे ॲन फ्रँकचं घर (दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून डायरी लिहिणारी मुलगी). तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची खुली होतात, हे मला फार उशिरा कळलं. तसाही तिथला जिना आईला झेपला नसता. पण बोटीतून ते घर दिसतं का? आणि दिवे लागल्यावरची फेरी घ्यावी का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
डोळे मिटून काचेची मोठी बोट घ्या. स्टेशनसमोर डामराकला धक्के आहेत. साधारण तासाभराची फेरी असते, बसायला टेबल-बाकडी. तरी तिकीट काढायच्या आधी धक्क्यावर उभं राहून लोक कसे उतरतात ते आईंनाच बघू द्या. उघडी बोट फोटोंना झकास (काचेतून फोटोत आपलंच तोंड येतं), पण काठावरून खाली पाय टाकावा लागतो, शिवाय पाऊस. दिव्यांचं म्हणाल तर मेअखेरीस सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. आईंना तोवर जागवणार का?

प्रतिसाद २:
ॲन फ्रँकचं घर प्रिन्सेनग्राख्त कालव्यावर आहे, वेस्टरकेर्क चर्चच्या उंच मनोऱ्याजवळच. बोट त्या कालव्यातून जाते ना, हे तिकीट काढतानाच विचारा. दिसते ती पुढची बाजू. ॲन आणि बाकीची मंडळी लपली होती ते मागचं घर, ते कालव्यातून दिसत नाही. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होईल.

कालव्यावरची सतराव्या शतकातली घरं बघताना मात्र मान वर ठेवायला सांगा. बहुतेक घरांच्या माथ्यावर पुढे आलेलं लाकूड आणि त्याला आकडा (हुक). आतले जिने इतके अरुंद आणि उभे, की कपाटं-पलंग दोराने ओढून खिडकीतून वर घेतात. सामान भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम पुढे झुकती बांधलीत. जिन्याला वैतागणाऱ्या त्या एकट्याच नाहीत म्हणावं!

आणि स्टेशनच्या मागून पाण्यापलीकडच्या नूर्ड भागात फुकट फेरीबोट जाते. सायकलीसुद्धा थेट आत चढतात, पायरी नाही. पाचेक मिनिटांत पलीकडे.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं. आधी फुकटवाली फेरीबोट करायची म्हणतेय. सायकल चढते तिथे मीही चढेन, म्हणे. बोटीचं त्यानंतर ठरेल. काचेच्या बोटीत स्वच्छतागृह असतं का, तेवढं कुणी सांगा.