अनुभव धागा : डबीतला खेळ, अर्थात सहा फाशांचा 'दहा हजार'

धागाकर्ती

सुट्ट्या आल्या, रिझर्व्हेशनं झाली, आता सामानात पट-सोंगट्या-पत्ते कोंबण्याऐवजी सहा फासे आणि एक पेन्सिल एवढ्यावर भागवायचं आहे. फार्कल, झिल्च, दहा हजार, नावं काहीही असोत, खेळ एकच. नियम मात्र घरोघरी वेगळे. एक विनंती : कोण जिंकलं, कोण रुसलं ते नको. काय कसं करायचं, कुठे चुकतं, तेवढंच लिहा.

आमच्याकडचे गुण असे. सुटा एक्का १००, सुटा पंजा ५०. बाकीचे आकडे सुटे आले तर शून्य. एकाच फेकीत तीन सारखे आले तर आकडा गुणिले शंभर (तीन दुऱ्या २००, तीन छक्के ६००), पण तीन एक्के १०००. चार सारखे १०००, पाच सारखे २०००, सहा सारखे ३०००. एक ते सहा ओळीने आले तर १५००, तीन जोड्या १५००.

सहाही फासे टाकायचे, गुणाचा निदान एक फासा बाजूला ठेवायचा, मग थांबायचं किंवा उरलेले पुन्हा टाकायचे. एका फेकीत काहीच गुण आले नाहीत तर त्या हातातले (म्हणजे त्या पाळीतले) सगळे गेले. सहाही फासे गुणाचे निघाले तर सहाही परत उचलायचे, बेरीज पुढे चालू. खातं उघडायला एका हातात ५०० लागतात. कुणी १०,००० ओलांडले की बाकीच्यांना एकेक शेवटचा हात.

आकडेमोड

'आणखी टाकू का?' हा सगळा खेळ या एका प्रश्नावर चालतो, आणि त्याचं उत्तर हातात किती फासे उरले त्यावर आहे. फेक पूर्ण वाया जाण्याची शक्यता : एक फासा ६६.७ टक्के, दोन ४४.४, तीन २७.८, चार १५.७, पाच ७.७, सहा २.३. तुमच्याकडे तीन जोड्यांना गुण नसतील तर सहा फाशांचा आकडा ३.१ होतो.

यातून कामचलाऊ हिशोब असा निघतो. दोन फासे उरले आणि हातात २५० आहेत : थांबा. तीन उरले : ४००च्या आसपास थांबा. चार उरले असतील तर हजारापर्यंत टाकत राहायला हरकत नाही. एकच उरला तर गंमत आहे, थांबायची रेषा दोन फाशांपेक्षा किंचित वर, ३००च्या जवळ जाते. कारण तो एक्का किंवा पंजा पडला की सहाही फासे परत मिळतात. शेवटच्या हातात मात्र हे सगळं विसरा. समोरच्याचे १०,४५० झाले असतील तर ४०० वर थांबून काय लोणचं घालायचंय?

नवे लोक एक चूक हमखास करतात. पहिली फेक १, ५, २, २, ३, ४ अशी पडली. हात आपोआप एक्का आणि पंजा दोन्हीकडे जातो, १५० झाले, उरले चार फासे. फक्त एक्का ठेवा. गुण १००च, पण हातात पाच फासे, आणि बुडण्याची शक्यता निम्म्यावर. पन्नास गुणांसाठी फासा खर्च करू नये. तीन दुऱ्यांचंही तेच. सोबत एक्का असेल तर खातं उघडायच्या आधी २०० साठी तीन फासे अडकवण्यापेक्षा नुसता एक्का उचलून पाच टाकणं बरं.

साइड-लोअर

गाडीत खेळायचं तर आधी फासे पडायची जागा बघा. रेक्झिनचा बर्थ सपाट वाटतो, पण बर्थ आणि भिंत यांच्यातली फट फासे गिळते. एक किलो मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण घ्या, कडा चारेक सेंटिमीटर हवी, तळाला जुन्या पंचाचा तुकडा चिकटवा. फासा उसळत नाही, आवाज होत नाही. स्टीलचं ताट नको, समोरचे आजोबा पहिल्या फेकीलाच डोळे वटारतात, आणि रात्री दहानंतर तर विषयच नको.

फासे दोन्ही हातांच्या ओंजळीत खुळखुळवून झाकणाच्या आत टाकायचे. एकही फासा बाहेर गेला तर पूर्ण फेक रद्द, सहाच्या सहा पुन्हा. 'फक्त तोच परत टाक' म्हटलं की बाकी पाच बघून मुद्दाम बाहेर टाकायची वाट मोकळी होते.

वहीवाली

गुण लिहिताना प्रत्येकाला दोन रकाने द्या : या हाताचे गुण आणि आतापर्यंतची बेरीज. नुसती बेरीज लिहिली तर मध्ये कुठे चुकलं ते सापडत नाही, आणि आठव्या हातापर्यंत कुठेतरी ५० हरवलेले असतातच. हात बुडाला तर तिथे ठळक शून्य काढा, रकाना मोकळा सोडू नका. मोकळा सोडला की 'माझा हात राहिलाय' सुरू.

टाकणाऱ्याने गुण मोठ्याने सांगायचे, लिहिणाऱ्याने परत म्हणायचे, मगच फासे पुढच्याकडे. फासे उचलून झाल्यावर तक्रार चालणार नाही.

धागाकर्ती

यावरून आठवलं, भांडणं मुख्यतः तीन ठिकाणी होतात. एक, कडेला टेकून तिरका राहिलेला फासा. त्याच्यावर दुसरा फासा ठेवून बघा : वरचा टिकला तर आकडा मान्य, घसरला तर फेक रद्द. दोन, बाजूला ठेवलेल्यांशी जुळवाजुळव. आधी दोन पंजे ठेवलेत आणि नंतर तिसरा आला, तर ५०० नाहीत, ५०च. तिळं एकाच फेकीत यावं लागतं. तीन, तीन जोड्या. चार सारखे आणि दोन सारखे म्हणजे तीन जोड्या धरायच्या का? आम्ही धरतो. पहिल्या फेकीआधी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून टाका, म्हणजे नंतर रडीचा डाव नाही.

आकडेमोड

चार-दोनला १५०० दिलेत तर जोड्यांतला एक्का वेगळा मोजायचा नाही, हेही लिहा. आमच्याकडे तो वाद तीन जोड्यांपेक्षा मोठा.

मीठपाणी

फाशांबद्दल. लुडोच्या डबीतले फासे घेऊ नका, बरेचदा १० मिमीच्या आसपासचे, कोपरे फार गोल, पंच्यावर गरगर फिरत राहतात. १६ मिमीचे घ्या, आजीला चष्म्याशिवाय दिसतात. डबी लहान हवी असेल तर १२ मिमीचे. जुन्या फोटोफिल्मच्या डबीत १२ मिमीचे सहा बसतात, १६चे नाही. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात आहे ना, तेवढं दुकानातच बघा.

फासा एका बाजूला जड आहे का ते घरी तपासता येतं. अर्धा कप (१०० मिली) गरम पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे सपाट सहा चहाचे चमचे. पाणी निवल्यावर फासा सोडा. अॅक्रिलिकचा फासा या पाण्यात जेमतेम तरंगतो, मीठ कमी पडलं तर बुडतो आणि लोक समजतात परीक्षा फसली. बोटाने टिचकी मारून पंधरा-वीस वेळा फिरवा. दर वेळी तोच आकडा वर आला तर त्या बाजूला आत हवेचा बुडबुडा आहे. काही जड प्लॅस्टिकचे फासे कितीही मीठ घातलं तरी तरंगत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

साइड-लोअर

सगळे त्याच सहा फाशांनी खेळतात. जड असला तर सगळ्यांनाच जड. मीठ भाजीत घाला.

कच्चंलिंबू

मुलांसाठी. साधारण सात वर्षांपुढच्या मुलाला ५० आणि १००ची बेरीज जमली की ते खेळू शकतं. त्याहून लहान असेल तर कच्चं लिंबू : खातं उघडायची अट नाही, आणि हात बुडाला तर आधीच्या फेकीपर्यंतचे गुण त्याचेच. ही सवलत पहिल्याच डावापासून द्या आणि डाव संपेपर्यंत काढू नका.

मुलं खेळात असतील तर १०,००० ऐवजी ५,००० ठेवा. पाच जणांत १०,०००चा डाव पाऊण-एक तास चालतो, आणि ५०० मिळेपर्यंत शून्यावर बसलेलं मूल चौथ्या हाताला उठून जातं. खातं उघडायची अट ३०० केली तरी पुरतं. बेरजेचं ओझं वाटत असेल तर काड्या द्या : एक काडी म्हणजे ५०. हातातल्या काड्या समोर ठेवायच्या, बुडालं की परत डबीत. जातायत ते डोळ्यांना दिसतं, आणि थांबायचं कधी हे शिकवावं लागत नाही.

परदेशस्थ

आमच्या इथे, अमेरिकेत, घरोघरी पाच फाशांचा याट्झी दिसतो. १९५६मध्ये एडविन लो यांनी तो बाजारात आणला. छापील तक्ता संपला तरी अडत नाही, वहीत तेरा ओळी आखा. वरच्या सहा ओळी एक्क्यापासून छक्क्यापर्यंत, त्यांची बेरीज ६३ झाली तर ३५ जादा. ६३ म्हणजे प्रत्येक आकड्याचे तीन-तीन. खाली तीन सारखे, चार सारखे, तीन एकाचे-दोन दुसऱ्याचे (२५ गुण), ओळीने चार आकडे (३०), ओळीने पाच (४०), पाच सारखे (५०) आणि चान्स, म्हणजे कसेही पडले तरी पाचही फाशांची बेरीज. प्रत्येक हातात तीन फेकी.

पाच सारखे तीन फेकींत साधारण बावीसात एकदा येतात, म्हणून दर हाताला त्यांच्या मागे लागू नका. फेक भिकार निघाली तर ती चान्सला नको, एक्क्यांच्या ओळीत टाका. तिथे नुकसान तीनच गुणांचं. चान्स शेवटापर्यंत राखा.

पोबारा

आपला सारीपाटही कापडाचाच, गुंडाळून पिशवीत जातो. पण त्याचे फासे लांबट, चारच बाजूंचे, १, २, ५, ६. ते तीन टाकून छक्का-छक्का-एक्का आला की पोबारा, 'पोबारा करणे' तिथलंच. त्या फाशांवर दहा हजार खेळता येत नाही, कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगितलं. ३ आणि ४ नाहीतच, म्हणजे ओळ कधी लागणार नाही, आणि दर दुसरा फासा एक्का नाहीतर पंजा.

वहीवाली

डबीत सहा नाही, सात फासे ठेवा. सातवा वेगळ्या रंगाचा. एक हरवेलच.